नियम सतराची फाईल

१

सत्य हे शेवटी उजेडात येतंच. त्याला ना कुलूप अडवू शकतं, ना काळ. त्या विमा कंपनीत मात्र सत्य रोज साडेअकराच्या चहाबरोबर उजेडात यायचं आणि मोठ्या साहेबांची खुर्ची करकरली की परत आत जायचं. खुर्ची जुनी, लाकडी आणि चांगली जाडजूड होती. साहेब उठायला लागले की तिचे पाय फरशीवर असे काही किंचाळत, की दोन खोल्यांपलीकडची माणसं कप खाली ठेवत. तिथून दारात यायला साहेबांना सात पावलं लागत. तेवढ्यात सगळी कचेरी कामाला लागलेली असे. अकरा वर्षांत साहेबांना आपल्या कचेरीत कुणी हसताना दिसलं नव्हतं आणि ह्याला ते शिस्त म्हणत.

त्या सोमवारी सकाळी साहेबांच्या कपाटातून एक फाईल नाहीशी झाली आणि त्यांनी तपासनिसाला बोलावून घेतलं.

हा तपासनीस म्हणजे दाव्यांचा तपास करणारा. कुणाचं दुकान जळालं, कुणाच्या घरात पाणी शिरलं, की हा जाऊन बघायचा, खरंच जळालं का आणि खरंच शिरलं का. वय त्रेपन्न. बायको जाऊन चौथं वर्ष चालू होतं. त्याच्याबद्दल कचेरीत दोन गोष्टी सांगितल्या जात. एक, जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा माणूस अहवालात एक ओळ लिहीत नाही. दुसरी कुणाला आठवत नसे.

"बसा," साहेब म्हणाले. "चोरी झालीय."

"काय गेलं?"

"फाईल. नियम सतराची."

तपासनीस बसलेला होता म्हणून बरं. नियम सतरा कचेरीत सगळ्यांना पाठ होता. नोकरीत असताना सेवकानं दुसरा कोणताही व्यवसाय करू नये. केल्यास नोकरी जाईल. आणि खाली बारीक अक्षरांत : ज्याला असा व्यवसाय कळेल त्यानं तो चोवीस तासांत वर कळवावा, न कळवल्यास त्याचीही जाईल.

"शुक्रवारी दुपारी बाहेरून पत्र आलं," साहेब सांगू लागले. "दोन ओळी वाचल्या. 'आपल्या कार्यालयातून आलेला माल मिळाला.' माल! आपण विमा विकतो हो. आपला कसला आलाय माल?"

"पुढे काय होतं?"

"पुढे फोन वाजला. म्हटलं, सोमवारी ताज्या डोक्यानं वाचू. फाईल केली, वर नियम सतरा लिहिलं, कपाटात ठेवली, कुलूप घातलं. आज उघडतो तर फाईल गायब."

"नाव होतं कुणाचं?"

"असेल पुढे. मी दोनच ओळी वाचल्या म्हटलं ना."

तपासनीस उठून कपाटापाशी गेला. कुलपावर ओरखडा नव्हता, दार वाकलेलं नव्हतं. असल्या कपाटांची त्याला सवय होती. चोरांनी फोडलेली आणि मालकांनी फोडलेली ह्यांतला फरक तो लांबून सांगत असे. हे कुणीच फोडलेलं नव्हतं.

"ह्याची दुसरी किल्ली?" त्यानं कपाटाकडे बघत विचारलं.

"मामांना विचारा," उत्तर पाठीमागून, अगदी कानाशी आलं. तपासनीस दचकून वळला. साहेब टेबलामागून केव्हाच निघून दारापाशी पोचले होते आणि दार लोटून घेत होते.

"बुधवारी वरून तपासणी आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आवकच्या वहीत नोंद आहे. म्हणजे एक तर मला फाईल दाखवावी लागणार, नाहीतर तिच्या चोरीचा अहवाल. उद्या संध्याकाळपर्यंत मला माणूस हवा."

"कुठला? चोर, की धंदा करणारा?"

"एकच असणार की! दुसऱ्या कुणाला कशाला हवीय ती फाईल?"

तपासनिसाला हे पटलं नाही. कारण साधं होतं. धंदा करणारा तो स्वतः होता आणि फाईल त्यानं चोरलेली नव्हती.

२

धंदा खुर्चीच्या मोज्यांचा होता.

बायको गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की वरच्या मजल्यावरची खुर्ची ऐकू यायला लागली. संध्याकाळी साडेसातला कुणीतरी ती ओढायचं, आठला परत सरकवायचं. वर कोण राहतं ते त्याला ठाऊक नव्हतं. पहिले काही महिने त्याला त्या आवाजाचा राग आला. मग तोही साडेसातला जेवायला बसू लागला.

घरात दोन मोठ्या पिशव्या भरून निळी लोकर होती. बायकोनं त्याच्यासाठी स्वेटर सुरू केला होता आणि तिच्या नेहमीच्या उत्साहानं तिघांना पुरेल एवढी लोकर आणून ठेवली होती. स्वेटरची एक बाही झाली. बाही त्यानं कपाटात ठेवली आणि लोकरीकडे वर्षभर नुसता बघत बसला. मग तिच्या विणकामाच्या पुस्तकातून सुलट टाका शिकला, मग उलट टाका. पहिली वस्तू पूर्ण झाली ती एवढी लहान, की कुठल्याच माणसाला बसेना. ती त्यानं सहज खुर्चीच्या पायात चढवली. खुर्ची सरकवली. काही ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी पाच ते साडेसात तो विणत असे. एका खुर्चीला चार मोजे, चार खुर्च्यांचा एक संच. नाव ठेवलं 'निःशब्द'. सात महिन्यांपूर्वी त्यानं अकरा ठिकाणी अकरा संच नमुना म्हणून पाठवले : वाचनालयं, गाण्याचे वर्ग, एक दवाखाना. पत्ते टेलिफोनच्या यादीतून काढले. आत एक चिठ्ठी ठेवली, तिच्यावर स्वतःचं नाव न घालता फक्त टपालपेटीचा क्रमांक घातला. दर शनिवारी तो पेटी उघडून बघायचा. टपालखात्यानं ती उत्तम अवस्थेत ठेवली होती. आत धूळसुद्धा नसायची.

वरच्या मजल्यावर मात्र त्यानं नमुना दिला नव्हता. का, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

आता आपल्या टेबलाशी बसून तो एकच गोष्ट आठवत होता : संच त्यानं कशात घालून पाठवले? कचेरीत कागदाचे गठ्ठे यायचे त्या रिकाम्या खोक्यांत. आणि त्या खोक्यांच्या तळाला काय छापलेलं असायचं? त्यानं कोपऱ्यातलं एक खोकं उचलून उलटं केलं.

कंपनीचं नाव. खाली कचेरीचा पूर्ण पत्ता.

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून काढणाऱ्या माणसानं खोकं हळूच सुलटं ठेवलं. म्हणजे अकरांपैकी कुणीतरी उत्तर दिलं होतं. नोकरी जायची वेळ आली होती हे खरं, पण भीतीच्या बरोब्बर मधोमध त्याला बारीकसा आनंद झाला, आणि त्याची त्याला लाज वाटली.

ते पत्र आता कचेरीतल्या कुणाच्या तरी हातात होतं. त्या माणसानं दोनच ओळी वाचून थांबण्याचं काही कारण नव्हतं.

३

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत साहेबांच्या खोलीत जाणारी माणसं तीनच : शिपाईमामा, आवक-जावकची वही सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना सगळे आवक-जावकच म्हणत, आणि टायपिस्टबाई.

मामा जिन्याखालच्या स्टुलावर सापडले. तपासनिसाला बघताच त्यांनी मांडीवरचं काहीतरी रुमालाखाली सरकवलं.

"मामा, साहेबांच्या कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते?"

"ती होय? ती सहा वर्षांमागं मुख्य कचेरीत पाठवली की, पाकिटात घालून, लाखेचं सील लावून. मीच गेलो होतो टपालात टाकायला. एकच किल्ली हाय आता. साहेबांच्या खिशात."

"शुक्रवारी टपाल वर तुम्हीच नेलंत?"

"मीच. एक पत्र अन् एक पुडकं. पुडकं कसं, तर उशी! जिन्यात वाटलं, इथंच डोकं टेकून जरा पडावं."

"घरी जाताना कुणाच्या हातात दिसलं ते पुडकं?"

"दारात मीच असतो हो सगळ्यांच्या शेवटी. आवक-जावकांची डब्याची पिशवी, बाईंची पर्स. त्यात काय मावतंय? साहेब तेवढे गेले त्यांची ती मोठी बॅग घेऊन." मामा थांबले, आणि एकदम त्यांचा चेहरा पडला. "तुमच्यापासून आता लपवत नाही. ती तक्रार माझ्याच नावाची असणार."

त्यांनी रुमाल उचलला. खाली पोट उघडं टाकलेलं एक मनगटी घड्याळ होतं, बाजूला चिमटा आणि भिंग.

"जेवणाच्या सुट्टीत करतो. कुणाचं वाईट नाही केलं. आज दीडला साहेब इथं मागं येऊन उभे! नऊ वर्षांत कधी सापडलो नव्हतो. काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. माझ्या हातातून स्प्रिंग उडाली ती अजून मिळाली नाही."

"मामा, मी काही पाहिलं नाही," तपासनीस म्हणाला. "मला कळलं, तर मला वर कळवावं लागेल."

"मग नका कळून घेऊ," मामा म्हणाले आणि जमिनीवर स्प्रिंग शोधू लागले.

आवक-जावक आपल्या खिडकीशी बसले होते. खिडकीत निवडुंगाच्या नऊ कुंड्या होत्या. त्या कचेरीच्या शोभेसाठी आहेत असा सगळ्यांचा समज होता. फक्त दर महिन्याला त्यांतल्या सात-आठ बदललेल्या असत हे कुणी पाहिलं नव्हतं.

"नोंद दाखवा शुक्रवारची."

त्यांनी वही पुढे केली. स्वच्छ, गोल अक्षर : पत्र एक, पुडके एक. प्रेषक : एक वाचनालय.

तपासनिसानं वहीवरून मान वर केली. वाचनालय! म्हणजे खुर्च्याच खुर्च्या.

"तुम्ही माझ्याकडे असं का बघताय?" आवक-जावकांनी विचारलं.

"कसं?"

"अहो, लोक काटे टोचल्याची तक्रार करतात. निवडुंग आहे, टोचणारच! मी पुडक्यावर तसं लिहितोसुद्धा." मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वही मिटली, परत उघडली, परत मिटली. "संपलं माझं. आज तर साहेबांनी मला पाणी घालताना पकडलं. हातात झारी आणि साहेब इथे, एवढ्यावर. मी म्हटलं, कचेरीची शोभा. तर म्हणाले, 'छान आहेत.' छान आहेत! एवढं घालूनपाडून अकरा वर्षांत कधी बोलले नव्हते."

"मी काही ऐकलं नाही," तपासनीस म्हणाला.

"कुठल्या वाचनालयाला मी निवडुंग पाठवला तेच आठवत नाहीये मला," आवक-जावक केविलवाणे म्हणाले.

४

टायपिस्टबाईंशी बोलायला तपासनीस मंगळवारी सकाळपर्यंत धजला नाही. बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या, अविवाहित, आणि बोलायला अशा, की समोरचा आपलं वाक्य मनातल्या मनात आधी तपासून घेई.

"या. तुमचीच वाट बघत होते," त्या टाइप करता करता म्हणाल्या. "मामांना विचारून झालं, आवक-जावकांना विचारून झालं. आता मी. शेवटी विचारतात तो चोर, असं असतं ना तुमच्यात?"

"तसं काही नसतं."

"शुक्रवारी चारला मी पत्रांवर सह्या घ्यायला आत गेले होते. साहेब कपाटाला कुलूप घालत होते. मी सह्या घेतल्या, बाहेर आले. बास. आता तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, मी भाषणं लिहिते."

"कसली?"

"निरोपाची. लोक निवृत्त होतात ना दुसऱ्या कंपन्यांमध्ये? तिथल्या साहेबांना चार बरे शब्द सुचत नाहीत. मी लिहून देते. माणूस बघायची गरज पडत नाही. 'मनमिळाऊ', 'कामसू', 'उणीव भासेल', एवढ्यावर भागतं."

तपासनिसानं खिडकीबाहेर बघितलं. "मी काही..."

"ऐकलं नाही, माहीत आहे. मामांनी सांगितलं." त्यांची बोटं थांबली. "तुमचंही लिहून ठेवलंय मी."

"माझं? मला अजून पाच वर्षं आहेत."

"सवड होती म्हणून लिहिलं."

"कसं झालंय?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "छोटं आहे," त्या म्हणाल्या.

बाहेर मामांनी कपबशा वाजवल्या. चहा आला होता, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"काल काय झालं, ठाऊक आहे?" बाई म्हणाल्या. "चहाला मी साहेबांची नक्कल करत होते. 'शिस्त म्हणजे काय, शिस्त म्हणजे शिस्त,' ते त्यांचं नेहमीचं. सगळे हसतायत, मामांचा तर चहा नाकातून आला. नंतर वळून बघते तर दारात साहेब. किती वेळ उभे होते देव जाणे. त्या माणसाला पाय फुटलेत की पंख, कळत नाही. पूर्वी आधी समजायचं तरी."

तपासनिसानं बोटांवर मोजलं. कालपासून तीन माणसं सापडली होती. नऊ-नऊ, अकरा-अकरा वर्षांत न सापडलेली. आणि तोही स्वतः काल दचकला होता.

पूर्वी आधी समजायचं. कशानं समजायचं?

तो उठला.

"जाता जाता एक," बाई पाठीमागून म्हणाल्या. "तुम्ही मांजर पाळलंय का हो?"

"नाही. का?"

"वर्षभर बघतेय. तुमच्या डाव्या बाहीला रोज निळे केस असतात. म्हटलं, एवढं निळं मांजर मिळालं कुठे?"

तपासनिसानं बाही झटकली. बाई पुन्हा टाइप करायला लागल्या होत्या, अगदी सावकाश.

५

साहेबांच्या खोलीत त्यानं दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. बसलो तर धीर राहणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

"फाईल कुणी घेतली ते मला कळलंय, साहेब."

"बोला."

"कपाट फोडलेलं नाही. दुसरी किल्ली मुख्य कचेरीत, सीलबंद. म्हणजे कपाट तुमच्या किल्लीनं उघडलं. ती तुमच्या खिशात होती."

"खिसा कापला असेल कुणी."

"कापून परत शिवला? बरं, ते राहू द्या. मला तुम्ही सांगितलंत, पत्र आलं. वहीत पत्र आणि पुडकं आहे. मामांनी उशीएवढं पुडकं वर आणलं. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. शुक्रवारी ते कचेरीबाहेर गेलं असेल तर एकाच बॅगेतून जाऊ शकतं."

साहेबांनी पेन उचललं, बघितलं, ठेवलं.

"आणि नाही गेलं सगळं," तपासनीस म्हणाला. "काल तुम्ही तिघांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिलात. माझ्याही. ह्या कचेरीत साहेब आल्याचं कुणाला कळलं नाही, असं अकरा वर्षांत झालेलं नाही. साहेब, जरा उठता का?"

साहेब हलले नाहीत.

तपासनीस बावीस वर्षं लोकांच्या माळ्यांवर चढला होता, तळघरांत उतरला होता. तो फरशीवर गुडघे टेकून खाली वाकला आणि टेबलाखाली बघितलं. खुर्चीच्या चारही पायांत निळे मोजे होते. काठाला त्याच्याच हातचा दोन सुलट, दोन उलट टाका. मागच्या डाव्या मोज्यात एक टाका गळलेला होता. तो केव्हा गळला होता तेही त्याला आठवलं.

"वर या," साहेबांचा आवाज आला. "बरं नाही दिसत ते."

६

तपासनीस गुडघे झटकत उभा राहिला. मग साहेब उठले. खुर्ची मागे सरकली आणि खोलीत कसलाही आवाज झाला नाही. त्यांनी खुर्चीवरची उशी उचलली. खाली फाईल होती.

"फाईलवर बसून राहण्याबद्दल माझी ख्याती आहेच," ते म्हणाले.

"पण कशासाठी, साहेब?"

"पुडकं उघडलं. सोळा मोजे निघाले. आधी कळेना कशाचे. मग एक पायात घालून बघितला खुर्चीच्या." साहेब परत बसले. "तुम्हाला माहिती आहे, मी उठलो की बाहेरचं हसणं थांबतं. अकरा वर्षं. कशाला हसतात ते एकदा ऐकायचं होतं."

"काय ऐकलंत?"

"माझी नक्कल करतात. बाई बरी करतात. मी तिथेच हसणार होतो, पण मग त्या थांबल्या असत्या."

तपासनीस आता बसला.

"उरलेले बारा घरी नेले," साहेब सांगत होते. "घरी जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या. बारा मोजे तीन खुर्च्यांना गेले. नेमकी मी बसतो तीच राहिली. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात."

"मग दुसऱ्या खुर्चीवर बसायचं."

"तसं नाही करता येत. एक हिची आहे. ही मुलाकडे असते, तिकडेच रमलीय. दोन मुलांच्या. येतील तेव्हा जागा बदललेल्या बऱ्या दिसत नाहीत."

"केव्हा येणार आहेत?"

"तसं काही कळवलेलं नाही."

तपासनिसानं मान हलवली. असा तपशील त्याला लिहून घ्यावा लागत नसे.

"तर आणखी चार हवे होते," साहेब म्हणाले.

"मग सरळ विचारायचं! नोटीस लावायची, हे कुणाचे म्हणून."

"विचारलं असतं तर कळलं असतं. कळलं, की नियम सतरा. चोवीस तासांत वर कळवायचं, नाहीतर मीही गेलो. फाईल कपाटात असती तर बुधवारी त्यांनी वाचली असती. म्हणून ती चोरीला जाणं भाग होतं."

"आणि चौकशी माझ्याकडे का दिलीत?"

साहेबांनी तपासनिसाच्या डाव्या बाहीकडे बघितलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दुसऱ्या कुणाला दिली असती, तर त्याला कुणीतरी सापडलं असतं," ते म्हणाले. "तुम्हाला कोण सापडणार? मला काही माहीत नाही. मला लांबचं दिसत नाही आणि जवळचं तर मुळीच नाही. काल घड्याळं दिसली नाहीत, निवडुंगही दिसले नाहीत. फक्त एवढंच म्हणतो, की हे ज्या कुणाचे असतील तो तुम्हाला कधी भेटला, तर त्याला सांगा."

"चार मोजे."

"चारच. रंग हाच."

"सांगतो," तपासनीस म्हणाला. मग त्याला राहवेना. "माल... म्हणजे त्याचा माल, कसा वाटला?"

"दुसरी ओळ तीच होती," साहेब म्हणाले. "'माल उत्तम आहे.' तिथेच फोन वाजला, खरंच वाजला हो. पुढचं मी वाचलेलं नाही. पत्र तुम्हीच घेऊन जा. मी वाचलं तर मला कळेल."

अहवाल टेबलाच्या कडेवरच लिहून झाला : फाईल आढळून आली नाही, कोणावरही संशय नाही. जागा स्वतः पाहून तपासनिसानं खाली सही केली. साहेबांनी त्याच्याखाली केली. फाईलचे पुठ्ठे मामांच्या स्टोव्हखाली गेले.

पत्र त्यानं दिवसभर वरच्या खिशात ठेवलं. दुपारचा चहा त्यानं उभ्यानं, सगळ्यांबरोबर घेतला. बाईंनी साहेबांची नक्कल सुरू केली, मध्येच थांबून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. पण तपासनिसाला ठाऊक होतं, की दार नीट लागलेलं नाही.

"तुमचं भाषण मी जरा वाढवलंय," बाई त्याच्या कानाशी म्हणाल्या. "दोन ओळींनी."

साडेपाचला तो कचेरीबाहेर पडला. बसथांब्यावर बाकावर जागा मिळाली. पत्र काढावंसं वाटत होतं आणि ते संपावं असं वाटत नव्हतं. वाचनालय म्हणजे किती खुर्च्या? पन्नास धरू. दोनशे मोजे. निळी लोकर एवढी उरलेली नव्हती. तीस मोज्यांनंतर पिशवी रिकामी झाली असती. मग नवी आणायची की... त्याला कपाटातली बाही आठवली. नाही, ती उसवायची नाही. नवी आणू. दुसरा रंग चालेल का, ते त्यांना विचारू. त्यांना पत्र लिहू. ते उत्तर देतील. मग आपण परत लिहू.

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. थोरली बहीण रविवारी फोन करायची, आज मंगळवार. दोन बसगाड्या आल्या आणि गेल्या. तिसरी दिसायला लागली तेव्हा त्यानं पत्र उघडलं.

"आपल्या कार्यालयातून आलेला माल मिळाला. माल उत्तम आहे. विणकाम सुबक असून ते आमच्या सर्व सेवकांना आवडले. तथापि आमच्या वाचनालयातील एकूण एक खुर्च्या प्रथमपासूनच स्क्रूने जमिनीत पक्क्या बसवलेल्या आहेत व त्या सरकत नाहीत. सबब माल सोबत परत करीत आहोत. सदर बाब वाचनालयास एकदा भेट दिल्यास आपल्या ध्यानात येईल. कळावे."

त्यानं पत्र दोनदा वाचलं. मग वरच्या कोपऱ्यातला पत्ता वाचला.

वाचनालय त्याच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर होतं.